तोंडपाठ सिद्धता

कागलला हायवेच्या पुलाशेजारी बंगलोरच्या बसची वाट बघत आम्ही चौघं उभे होतो. संध्याकाळचे सहा वाजले असतील. आबा फौंड्रीतली पाळी संपवून थेट तिथंच आले होते. कानांच्या मागं साच्यांची काळी वाळू तशीच होती. आईनं भडंगाची पिशवी तिसऱ्यांदा सोडून परत बांधली. चौथे होते चौगुले सर, कोल्हापूरच्या कॉलेजातले माझे गणिताचे शिक्षक. शेवटचा तास घेऊन ते स्कूटरवरून वीसेक किलोमीटर आले होते, फक्त मला बसमध्ये बसवायला. बंगलोरच्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर भरला होता. केंद्र बेळगावला आलं तेव्हा तेच मला घेऊन गेले आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. हे आधीच लिहून ठेवते. पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको, की मी हे विसरले.

"कुणी काय इचारलं तर लगेच सांगायचं," आई म्हणाली. "अडखळायचं न्हाय. अडखळलं की लोकं म्हणत्यात, हिला येत न्हाय."

"ती न्हाय अडखळायची, वहिनी," सर म्हणाले. "माझी पोरं झोपेतनं उठवली तरी सांगत्यात."

बस आली तेव्हा आबांनी माझी बॅग डिकीत ठेवली, डिकीचं दार दोनदा ओढून बघितलं, आणि कंडक्टरला विचारलं, "हे वाटंत उघडत न्हाय न्हवं?" कंडक्टर हसला. आबा हसले नाहीत.

मी बंगलोरला गेले आणि आई सांगत होती तशी अजिबात अडखळले नाही. तेच तर झालं.

कोल्हापूरच्या कॉलेजच्या नियतकालिकानं या वर्षी माझ्याकडं लेख मागितला. विषय दिला होता, 'माझी यशोगाथा'. मी जे लिहिलं ते परत आलं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'थोडं सौम्य करता येईल का?' येणार नाही. म्हणून ते इथं लिहिते आहे. कोल्हापुरात, कागलात, जयसिंगपुरात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे बाहेर पडून आपली लाज मुकाट गिळणारे जे कुणी आहेत त्यांच्यासाठी.

कागलच्या शाळेत दहावीला भूमिती आली. पक्ष, साध्य, सिद्धता. डावीकडं विधान, उजवीकडं त्याचं कारण. बाई प्रत्येक प्रमेय दहा वेळा लिहून आणायला लावायच्या. मी पंधरा वेळा लिहायची. सराव परीक्षेत एकदा पेपर काढणाऱ्यानं त्रिकोणाचं नाव एबीसीऐवजी पीक्यूआर ठेवलं. अख्ख्या वर्गानं एबीसीच लिहिलं. आकृतीत पीक्यूआर, सिद्धतेत एबीसी. बाई चिडल्या, पण आमच्यावर नाही. "मुद्दाम करतात, मुलांना फसवायला," असं म्हणून त्यांनी आम्हाला पूर्ण मार्क दिले. मलाही ते न्यायाचं वाटलं. आमच्या वर्गात त्रिकोणाला एकच नाव होतं आणि त्याला दुसरं नाव देणारा माणूस लबाड होता.

कॉलेजात चौगुले सर भेटले. सर वर्गात यायचे, डस्टर टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "लिहा." ते तासिका तत्त्वावर होते. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात. नेमणुकीची ऑर्डर दर वर्षी नव्यानं निघायची, कधी जूनमध्ये, कधी ऑगस्ट उजाडायचा. दोन्हीकडं पुरून उरेल अशी एक जाड नोट त्यांच्याकडं होती, त्यांना त्यांच्या सरांकडून मिळालेली. ती ते सांगायचे आणि आम्ही उतरून घ्यायचो, स्वल्पविरामासकट. घरी येऊन मी ती मोठ्यानं म्हणायची. आई गोठ्यातनं म्हशीचं आवरून येईपर्यंत माझी दोन प्रमेयं झालेली असायची. आईला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण मी कुठं थांबले तर तिला बरोबर समजायचं. "थांबलीस का? परत म्हण."

दुसऱ्या वर्षाला मी एकदा हात वर केला. सर गणिती विगमन सांगत होते. एखादी गोष्ट एका संख्येसाठी खरी आहे असं धरायचं आणि त्यावरून पुढच्या संख्येसाठी ती खरी दाखवायची.

"सर, जे सिद्ध करायचं हाय तेच आधी खरं धरलं, तर मग उरलं काय?"

सर म्हणाले, "हे परीक्षेत इचारत न्हाईत. ज्या दिवशी इचारतील त्या दिवशी सांगतो. लिहा पुढं."

वर्ग हसला. मागनं कुणीतरी ओरडलं, "ए सायंटिस, बस की खाली!" मी बसले. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी पुन्हा हात वर केला नाही. कॉलेजात पहिली आले. मला फेटा बांधला, चौकात माझा फ्लेक्स लागला, चार ठिकाणी सत्कार झाले. चारही ठिकाणी माझ्या कष्टांविषयी, आईवडिलांविषयी, कागलच्या मातीविषयी लोक बोलले. गणिताचा एक साधा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

बंगलोरच्या संस्थेत पहिल्याच सत्रात सगळ्यांना डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स होतं. सुट्या सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित: माणसं, रस्ते, जोड्या, गाठी. शिकवायला राव मॅडम होत्या. बारीक अंगाच्या, पायात साधी चप्पल, हातात एकच खडू. वही नाही, कागद नाही. फळ्यावर दोन ओळी लिहून त्या वळायच्या आणि विचारायच्या, "पटलं?" दिल्लीची, चेन्नईची मुलं सरळ म्हणायची, नाही पटलं. मला त्यांचा राग यायचा. मॅडमना तोंडावर नाही म्हणतात, काय ही मुलं! मी मान हलवायची. माझ्या शेजारी सचिन मान हलवायचा.

सचिन जयसिंगपूरचा. चौगुले सरांचाच, माझ्याच वर्गातला. सरांची दोन मुलं एकाच वर्षी त्या संस्थेत लागली म्हणून सरांनी दोन्ही कॉलेजांत पेढे वाटले होते. मेसमध्ये सांबार-भात पुढ्यात घेऊन आम्ही दोघं गावाकडचं बोलायचो, मोठ्यानं, आणि आजूबाजूची मुलं वळून बघायची. त्यांना वाटायचं आम्ही भांडतो आहोत.

मिडसेमच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेच्या, पेपरात प्रश्न आला तो आम्हाला येत होता. साध्या भाषेत सांगते. एका समारंभात माणसं जमली, काहींनी काहींशी हस्तांदोलन केलं. प्रत्येकाला विचारलं, तुम्ही किती जणांशी केलंत? ज्यांचा आकडा विषम आला, अशा माणसांची संख्या नेहमी समच असते. हे सिद्ध करा. गणितात माणसांच्या जागी बिंदू काढतात आणि हस्तांदोलनाच्या जागी दोन बिंदूंना जोडणारी रेषा. सरांच्या नोटमध्ये हे प्रमेय होतं. एकोणीस ओळी. मी ते न थांबता लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वर्गात सगळ्यांच्या आधी पेपर दिला. माझ्यामागं सचिन बसला होता. दुसरा पेपर त्याचा.

आठवड्यानं ईमेल आली. दोघांनी समितीपुढं हजर राहावं.

तीन प्राध्यापक होते, त्यात राव मॅडम. टेबलावर आमचे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. एकोणीस ओळी, शब्दाला शब्द. आणि चौथ्या ओळीत दोघांचीही तीच चूक. सगळ्या बिंदूंचे आकडे मिळवले तर बेरीज रेषांच्या दुप्पट येते, असं लिहायला हवं होतं. आम्ही दोघांनी लिहिलं होतं, बिंदूंच्या दुप्पट. ही चूक बाकी कुणाच्याच पेपरात नव्हती. समितीतले वयस्कर प्राध्यापक इंग्रजीत म्हणाले, दोघांपैकी एकानं कबूल केलं तर दुसऱ्याचं नाव यातून काढता येईल. कुणीच केलं नाही तर दोघांचाही प्रवेश रद्द होऊ शकतो. बाहेर जा, दहा मिनिटं विचार करा.

बाहेर व्हरांड्यात सचिन भिंतीला टेकला.

"मी सांगतो मी बघून लिव्हलं. तू ऱ्हा."

"बघितलंस काय?"

"न्हाय."

"मग?"

"अगं, तसं बी मला हितलं काय कळंना झालंय. महिनाभर नुसता मान हलवायलोय. आपल्यातलं एक तरी ऱ्हाऊ दे की. सरांना काय सांगायचं, दोघं बी हाकलली म्हणून?"

"गप बस, लई शहाणा हाईस. केलं न्हाईस ते कबूल करणार? आन् मी काय तुझ्या जिवावर डिगरी घेणार?"

"मग काय करणार हाईस? त्यास्नी सांगणार काय, की आम्ही पोपट हाय म्हणून?"

तो चिडून बोलला, पण माझ्या डोक्यात तेच बसलं. आम्ही परत आत गेलो. मी म्हणाले, आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवा. आमच्या जुन्या अभ्यासक्रमातली कुठलीही तीन प्रमेयं सांगा.

पाऊण तासानं त्यांच्यापुढं चार कागद होते, दोन माझे, दोन सचिनचे. तिन्ही सिद्धता शब्दाला शब्द सारख्या. सर जिथं दम घ्यायला थांबायचे तिथं आम्ही दोघांनीही ओळ सोडली होती. शेवटच्या वाक्याखाली दोघांच्याही दोन रेघा. ते वयस्कर प्राध्यापक एक कागद उचलायचे, दुसरा उचलायचे, आणि मग ते हसायला लागले. वाईट माणूस नव्हते ते. पण रस्त्यावर एखादी गंमत बघावी तसं ते हसले, आणि ते हसू मला आज इतक्या वर्षांनीही आठवलं की माझे कान तापतात.

राव मॅडम हसल्या नाहीत. त्या फळ्यापाशी गेल्या. तीन ठिपके काढले, दोन रेषांनी जोडले. एका ओळीत तीन माणसं, मधल्यानं दोन्हीकडं हात मिळवलेला.

"तुझ्या चौथ्या ओळीप्रमाणे बेरीज किती येईल?"

"सहा," मी लगेच म्हणाले.

"मोज."

पहिल्याचा एक, मधल्याचे दोन, तिसऱ्याचा एक. "चार."

"मग काय चुकलं आहे?"

आणि मी काय केलं सांगू? मी फळ्यावरची आकृती नीट बघू लागले. मॅडम एखादी रेषा काढायची विसरल्या असतील, असं मला खरोखर वाटलं. नोट चुकली असेल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तू चोरी केलेली नाहीस. हे मी लिहून देते. पण तू काही सिद्धही केलेलं नाहीस. या उत्तराला शून्य."

सचिनलाही शून्य. आम्ही वाचलो होतो. मेसमध्ये जाऊन आम्ही समोरासमोर बसलो आणि गावाकडचं काहीच बोललो नाही.

शून्याचा मला राग आला नाही. ते बरोबरच होतं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बिंदूंच्या दुप्पट काय किंवा रेषांच्या दुप्पट काय, दुप्पट म्हणजे सम. त्यामुळं आमच्या सिद्धतेचा शेवट बरोबर यायचा. शेवट बरोबर होता म्हणून कुणी मधली ओळ वाचलीच नव्हती. सरांच्या सरांनी नाही, सरांनी नाही, पेपर तपासणाऱ्यांनी नाही, मी नाही. तीन ठिपके काढून मोजायला पाच सेकंद लागतात. तीन वर्षांत आमच्यातल्या एकालाही ते पाच सेकंद मिळाले नाहीत, कारण आम्ही लिहीत होतो.

दोन दिवसांनी मी सरांना फोन केला. समितीचं सांगितलं नाही. फक्त चौथ्या ओळीचं सांगितलं. पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

"व्हय की गं," सर म्हणाले. मग, "पर शेवट बरोबर येतोय न्हवं?"

"शेवट येतोय सर. मधलं खोटं हाय."

"बाळ, तपासणाऱ्यांच्या म्होरं बी हीच नोट असती. पोरांनी दुसरं काय लिव्हलं तर मार्क कापत्यात. तू तिकडं तिकडचं लिही. हिकडं हे चालतंय."

हिकडं हे चालतंय. हे वाक्य मी किती दिवस चघळलं ते मलाच ठाऊक. म्हणजे खरं तिकडं राहणार, बंगलोरला, आणि आमच्या वाट्याला जे चालतंय ते. ज्यानं माझ्यासाठी उन्हात उभं राहायचं, त्यानंच मला हे सांगायचं. मी फोन ठेवला आणि सहा महिने सरांना फोन केला नाही.

मॅडमच्या ऑफिस अवर्सना जायला लागले. ठराविक वेळेला त्यांच्या खोलीचं दार उघडं असायचं, कुणीही जाऊन विचारावं. पहिल्या दिवशी मी काय विचारायचं तेच पाठ करून गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिहिताना समोर असा माणूस आहे असं समज, की जो तुझ्यावर प्रेम करतो पण तुझं एकही वाक्य फुकट मान्य करत नाही. असं कुणी आहे तुझ्या माहितीत?"

आबा होते. फौंड्रीत ते ओतीव माल तपासायचे. प्रत्येक नग हातोडीनं ठोकायचे, कान लावायचे. आत पोकळी राहिली असेल तर आवाज वेगळा येतो. सुपरवायझरला घाई असायची, आबा म्हणायचे, "वरनं गुळगुळीत दिसतंय म्हणून पास करायचं न्हाय." या एका सवयीपायी त्यांचं दोनदा सुपरवायझरशी वाजलं होतं. त्या रविवारी सकाळी मी त्यांना फोन केला.

"आबा, एक सांगा. लग्नात शंभर माणसं आली. ज्यानं त्यानं आपण किती जणांशी शेकहॅन्ड केला ते सांगितलं. सगळे आकडे मिळवले. बेरीज किती?"

"जेवढे शेकहॅन्ड झाले त्येच्या दुप्पट."

"कशावरनं?"

"एका हातानं शेकहॅन्ड हुतोय व्हय? मी तुझ्याशी केला, तर माझ्यात बी एक धरला आन् तुझ्यात बी एक धरला. दोनदा येणारच की."

मी नाक ओढलं.

"का गं? चुकलं व्हय?"

"न्हाय आबा. बरोबर हाय."

"मग रडायलीस कशाला?"

आबांची शाळा आठवीत सुटली होती. गणितात नापास म्हणून.

लोक मला म्हणतात, एवढं चांगलं झालं तुझं, मग राग कसला? हा. याच गोष्टीचा. माझ्या घरात एक माणूस होता ज्याला प्रश्न आणि कारण यांतली वाट एका दमात दिसत होती, आणि त्याला आमच्या शाळेनं ढ ठरवून वाळूत पाठवलं. आणि मी, जिला ती वाट अजिबात दिसत नव्हती, जी फक्त थांबत नव्हती, तिला फेटा बांधला.

त्यानंतर मी पहिल्यापासून शिकले. चौदा वर्षांच्या मुलीला लाज वाटेल इतक्या पहिल्यापासून. एक ओळ लिहायची, ठोकून बघायची, पोकळ वाटली तर खोडायची. सत्र संपताना कशीबशी पास झाले. पुढच्या सत्राला बरी झाले. आता त्याच संस्थेत पीएच.डी. करते आणि नव्या मुलांचे ट्युटोरियल घेते. माझ्या वर्गात अडखळणाऱ्याला मी घाई करत नाही. पटापट बोलणाऱ्याची मला भीती वाटते.

सचिन पहिलं सत्र संपल्यावर परत गेला. स्टेशनवर मी त्याला सोडायला गेले तेव्हा म्हणाला, "तुझ्यात रग हाय. माझ्यातली संपली." आता जयसिंगपुरात त्याचे क्लासेस आहेत. चांगले चालतात. भिंतीवर माझा फोटो लावला आहे, मला न विचारता. मी फोनवर म्हटलं, फोटो राहू दे, चौथी ओळ तेवढी बदल. तर म्हणाला, "पोरांचे मार्क गेले तर त्यांच्या आया माझ्या दारात येणार, का तुझ्या?" मी शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या आणि विचारलं, "जेवलीस का?"

गेल्या मे महिन्यात मी कागलला होते. सर भेटायला आले. केस पांढरे झाले होते, स्कूटर तीच. मी एक पत्र तयार करून ठेवलं होतं, अभ्यास मंडळाला. ही ओळ चुकीची आहे; बरोबर लिहिणाऱ्याचे मार्क कापू नयेत; आणि पेपरात निदान एक प्रश्न असा असावा जो कुठल्याही नोटमध्ये नाही. खाली माझी सही होती, आणि शिकवणाऱ्याच्या सहीसाठी जागा.

सरांनी पत्राला हात लावला नाही. आधी म्हणाले, "ते चौथ्या ओळीचं मला एकदा सांग. सावकाश. मला कुणी सांगितलंच न्हाय कधी."

मी आबांचंच वाक्य सांगितलं. सरांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला आणि बराच वेळ त्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "वीस वर्सं सांगतोय गं मी हे."

नंतर त्यांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. घडी घातली आणि माझ्याकडं परत सरकवलं.

"माझी ऑर्डर दरसाल नव्यानं निघती. तुला म्हाईत हाय."

"मग वीस वर्षं तुम्ही शिकवलं काय, सर?"

आतनं आई ओरडली, "अगं ए, जीभ आवर!" आबा दारात उभे होते, ते जमिनीकडं बघत राहिले. सरांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. मी माफी मागितली नाही. त्यांच्या स्कूटरचा आवाज हायवेला मिळेपर्यंत मी तिथंच बसून होते, आणि मला राग त्यांचा येत होता की माझा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पत्र मी एकटीच्या सहीनं पाठवलं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

जुलैत माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती सरांच्या वर्गात आहे, दुसऱ्या वर्षाला.

"ताई, सरांना काय झालंय गं? नोट सांगंनात. तास सुरू झाला की फळ्यावर ठिपके काढत्यात आन् म्हणत्यात, मोजा. आमी मोजतोय. मग म्हणत्यात, का? अख्खा तास 'का'मध्येच जातोय. पोरांनी प्रिन्सिपलकडं अर्ज दिलाय, सर शिकवत न्हाईत म्हणून."

"तू सही केलीस अर्जावर?"

तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "सगळ्यांनी केली, ताई."

ऑगस्ट संपला तरी सकाळच्या कॉलेजातली सरांची ऑर्डर निघाली नाही. कारण कुणी दिलं नाही. कारण लिहायला तिथं रकानाच नसेल. मला हे बहिणीकडूनच कळलं. मी सरांना फोन लावला. माझी तयारी होती, काय बोलायचं ते मी मनात म्हणून बघितलं होतं, आणि त्यांनी फोन उचलल्यावर त्यातलं काहीच आलं नाही.

"सर, हे माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं कसं? खडू काय तू धरलातास? मी केलं ते मी केलं. दुपारचं कॉलेज हाय अजून." मग खाकरले. "तुझा राग गेला का न्हाय?"

"न्हाय, सर."

"ऱ्हाऊ दे. पर सुट्टीला ये. पोरं वरच्यावर असलं काय काय इचारत्यात, मला सगळंच येत न्हाय."

इथं बंगलोरमध्ये माझं चुकलं तर माझा शोधनिबंध परत येतो, बरोबर आलं तर शाबासकी मला मिळते. सरळ हिशेब आहे आणि मला तो आवडतो. तिकडं तसं नाही. तिकडं मी बरोबर ठरले आणि एका माणसाचे तास गेले, एका मुलीनं नको त्या कागदावर सही केली, आणि आई अजून मला फोनवर म्हणते, सरांना असं बोलायला नको होतंस. माझ्या बरोबर असण्याची झळ ज्यांना लागते, ती माणसं म्हणजे आता माझं घर. त्यांनी मला चुकीचं शिकवलं, त्यांनीच मला बसमध्ये बसवलं, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी एकीनं दुसरी खोडणार नाही.

दिवाळीचं तिकीट काढलं आहे. सरांना सांगितलं आहे, पोरांना दुपारी आमच्या अंगणात घेऊन या, वह्या घरी ठेवायला सांगा. राग सोबत घेऊनच येणार आहे. तो इथं ठेवून यायला माझ्याकडं दुसरं घर नाही.